आधी काठी, मग पाय

आधी काठी टोच, मग पाय टाक.
राख थंड दिसते, पण
खाली मुळं अजून धुमसतायत,
सतरा दिवस झाले तरी.
परवा स्टेर्गिओसचा पाय घोट्यापर्यंत आत गेला.
बुटाचा तळ वितळला, पाय वाचला.
आता तो ट्रकमध्ये बसून करवतींना धार लावतो
आणि येईल त्याला सांगतो, बूट इटालियन होते.

दुसरं, वर बघत जा.
ही जी उभी दिसतात ती उभी नाहीत,
पडायची राहिलीत.
वारा नसतानाही फांदी सुटते,
आवाज करत नाही.
भाकरी खायची ती इथे नाही,
खाली रस्त्यावर, त्या वळणापाशी,
जिथे डोक्यावर पडण्यासारखं काही उरलेलं नाही.

नाव काय म्हणालास? प्रोद्रोमोस.
बरं, प्रोद्रोमोस, काम असं आहे.
झाड पाडायचं, उताराला आडवं टाकायचं,
बुंध्यांच्या खुंटांना टेकवून.
खालची फट दगडमातीनं चेपून बुजवायची.
बोटभर फट ठेवलीस
तर पाणी नेमकी तीच शोधेल
आणि खालच्या गावात चिखल घेऊन जाईल, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात.
पातळी बघायला ही नळी.
माझ्या मेव्हण्याच्या वाइनच्या पिंपाची आहे, अजून वास येतो.
दोन्ही टोकांना पाणी सारखं चढलं
की ओंडका बरोबर बसला.

हे झाड?
हो, त्या खाचा माझ्याच.
बावीस वर्षं दर वसंतात वीतभर साल तासायची,
खाली पिशवी ठोकायची,
राळ उतरायची थेंब थेंब, मधासारखी, पण घाई न करणारी.
एफ्थालिया म्हणायची, तुझ्या हातची कॉफीसुद्धा पाइनची लागते.
ती गेली त्याला चार वर्षं झाली.
तिनं हे पाहिलं नाही, हे मी रोज एकदा तरी मोजतो,
कशात मोजायचं ते कळत नाही.

तुझ्या बाटलीतलं थोडं पाणी ओत इथे.
बघ.
थेंब थेंब गोळा होऊन घरंगळलं.
जमीन पीत नाही.
झाडातली राळ जळून वाफ झाली, मातीत उतरली,
आणि आत मेणासारखी थिजली.
जिच्यावर माझ्या दोन्ही मुलींचं शिक्षण झालं
तीच आता पाण्याला दार उघडत नाही.
फावड्यानं ओरखडून दे वरवर. खोल नको.

रस्त्याची मोरी काल साफ केली.
राख निघाली, कोळसे, एका कासवाची पाठ,
कुणाच्या तरी फाटकाचा आकडा.
ग्रेडरवरची व्हासो म्हणाली,
ही मोरी लहान आहे असं मी नऊ वर्षं लिहून देतेय.
मग खाली उतरली, स्वतः फावडं घेतलं,
आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलली नाही.

माथ्यावर ढग दिसला की ओढ्यातून बाहेर यायचं.
इथे ऊन असलं तरी.
करवत तिथेच टाकायची.
करवतीची पावती आहे माझ्याकडे,
तुझी नाही.

रात्री ऐकलंस का? टक्, टक्.
आगीनं उघडलेले शंकू.
बिया पडतायत राखेत, पंख लावून.
म्हणून हे ओंडके आत्ताच ओढायचे,
कोंब आल्यावर इथे कुणी पाय ठेवणार नाही,
मीसुद्धा.

नवं झाड राळ कधी देईल?
पंचवीस वर्षांनी. तीस, जमीन हलकी असेल तर.
मी एकसष्टचा.
हिशोब नको करूस, चल,
काठी घे.
ती नको.
ती आतून पोकळ आहे, जळलीय.
ही घे, माझी.